येझदीच्या हँडलवरचा डबा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज पाऊस लागलाय आणि घराबाहेर पडता येत नाही, म्हणून बसलो. माझ्याकडे १९७९ सालची येझदी आहे हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. २०१८ च्या दिवाळीत मी तिला जीपीएस बसवून घेतला. गावात चेष्टा झाली. "म्हाताऱ्याला नवीन खेळणं मिळालंय," असं कट्ट्यावर बोललं गेलं आणि मीही हसून सोडून दिलं. खरं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो. पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, कारण आमच्या भागात वाट सापडणं न सापडणं ही नुसती रस्त्याची गोष्ट कधीच नव्हती.

मी बेळगुंदीचा. बेळगावच्या पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. अजून पश्चिमेला गेलं की राकसकोपचं तळं, जिथलं पाणी बेळगाव शहर पितं, आणि त्याच्या पलीकडं तुडये. तुडये चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. सकाळी फिरायला बाहेर पडलेला माणूस दोन राज्यं करून चहाला घरी परत येतो, अशी आमची भौगोलिक परिस्थिती. मोबाईल आल्यावर तर मजाच झाली. तळ्याच्या बाजूला गेलं की खिशातला फोन वाजायचा आणि महाराष्ट्रात स्वागत असल्याचा मेसेज यायचा. रोमिंगचे पैसे कापले जायचे ते वेगळेच. घरच्या म्हशी मात्र बिनरोमिंगच्या चरून यायच्या.

माझा जन्म १९५१ चा, म्हणजे मुंबई राज्यातला. तेव्हा चंदगड तालुकासुद्धा बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. माझी आत्या तुडयेला दिलेली. एका रात्रीत आत्या परराज्यात गेली आणि आम्ही पण. पुढं १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला, १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं, २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. हे सगळं तुम्हाला पाठ आहे, मी त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते मैलाच्या दगडांबद्दल.

लहानपणी दगडावरची अक्षरं आम्ही वाचायला शिकायचो, पाटीच्या आधी. मग रंगवणारे आले, आणि दगडावरची लिपी बदलली. मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा आकडेही बदलले. माझ्या आजोबांना लिहिता-वाचता येत होतं, पण ते दगड त्यांना वाचता येईनात. ते म्हणायचे, "दगड काय सांगतोय ते सांग बघू." मी शाळेत कानडी शिकत होतो, मी वाचून सांगायचो. नातवानं आजोबांना त्यांच्याच रस्त्याचा दगड वाचून दाखवायचा. मला त्यात तेव्हा मोठेपणा वाटायचा. आता वाटत नाही.

बी.कॉम. होऊन १९७३ मध्ये बँकेत लागलो. त्या काळी राष्ट्रीयीकरण होऊन चार वर्षं झाली होती, खेड्यात जाऊन कर्ज द्या, म्हशी घ्या, विहिरी खणा, इंजिनं बसवा असा जोर होता. मी शेती कर्जाच्या बाजूला. म्हणजे दिलेल्या कर्जाची म्हैस खरोखर गोठ्यात आहे की कागदावर आहे ते बघायला जायचं. त्यासाठी १९७९ मध्ये कर्ज काढून येझदी घेतली. मंडळी, ही गाडी म्हैसूरची. आयडियल जावा कंपनीनं १९६१ पासून तिथं जावा बनवायला घेतली आणि १९७३ पासून येझदी या नावानं गाड्या येऊ लागल्या. मालक इराणी, त्यांच्या पूर्वजांचं गाव इराणमधलं यझ्द, त्यावरून नाव. म्हणजे माझी गाडी चेक बनावटीची, इराणी नावाची, म्हैसुरात जन्मलेली आणि मराठी माणसाकडं नांदलेली. तिला कधी कुणी सीमाप्रश्न विचारला नाही. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. गिअरचा दांडाच फिरवून किक मारायची ही तिची खोड ज्यांनी अनुभवली आहे त्यांच्या पोटरीला अजून आठवत असेल.

या गाडीवर मी बेळगाव ते निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, जांबोटी, कणकुंबी, सगळं पालथं घातलं. सुट्टीत गोव्याला, पंढरपूरला, एकदा हंपीपर्यंत. आणि माझ्याकडं होती एक डायरी. कर्जदाराचं घर पहिल्यांदा सापडलं की मी त्या पानावर वाट काढून ठेवायचो. 'चिंचेपासून डावीकडं, ओढा, मारुतीच्या देवळामागं तिसरं घर, कुत्रं चावतं.' गाव मराठी असेल तर मराठीत विचारायचं, पुढं कानडी मुलूख लागला की "नेट्टग होग्री, बलक्क होग्री" ऐकायचं, म्हणजे सरळ जा, उजवीकडं जा. १९८९ च्या एप्रिलपासून सेवा क्षेत्र योजना आली, प्रत्येक शाखेला ठरावीक गावं वाटून दिली. तेव्हा आमच्या शाखेच्या भिंतीवर जो गावांचा नकाशा लागला तो मी या डायरीवरून काढला होता. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी विचारलं, "यावर स्केल कुठाय?" मी म्हटलं, "साहेब, म्हैस चालायला किती वेळ लागतो ते स्केल." साहेब हसले नाहीत.

१९८१ चं निपाणीचं तंबाखू आंदोलन याच डायरीत आहे. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी तीन आठवडे पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. त्या दिवसांत मला निपाणीच्या पलीकडच्या गावात जायचं होतं. रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांनीच, त्यातले काही आमचे कर्जदार, मला बांधाबांधानं जायची वाट काढून दिली. एका कागदावर काढलेली ती वाट मी डायरीत डकवली आहे. डिंक पिवळा पडलाय, वाट स्पष्ट दिसते.

आता २०१८ च्या श्रावणातली गोष्ट. आत्या कधीच गेली होती, पण तुडयेला आतेभाऊ आजारी होता, त्याला बघून संध्याकाळी परत निघालो. धुकं उतरलं होतं, रिमझिम होती. तुडये आणि राकसकोपच्या मधे एक जागा आहे जिथं रस्ता फुटतो. तिथं मी गाडी थांबवली, कारण मला कुठं जायचं ते कळेना. धुक्यामुळं दिसत नव्हतं असं नाही. दोन्ही रस्ते दिसत होते. दोन्ही रस्ते मला अनोळखी वाटत होते. ज्या वाटेनं मी आईचा हात धरून आत्याकडं चालत गेलो त्या वाटेवर मी उभा होतो, इंजिन टकटकत होतं, आणि मला माझं घर कुठल्या बाजूला आहे ते आठवत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, जास्तही असतील. डोक्यावर जळणाचा भारा घेतलेली एक बाई आली. मी तिला बेळगुंदीची वाट विचारली. तिनं भाऱ्याखालून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमी बेळगुंदीचंच न्हवं काय? हिकडं की."

घरी आल्यावर मी जेवलो, झोपलो, बायकोला काही बोललो नाही. आठ दिवसांनी पुण्याला मुलाला फोनवर सांगितलं. तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "अप्पा, गाडी विका." डॉक्टरांनी तपासलं, वयोमानाचं आहे, लक्ष ठेवू म्हणाले. गाडी विकायला मी तयार नव्हतो. बरीच घासाघीस होऊन तडजोड ठरली. रात्री चालवायची नाही, एकट्यानं घाटात जायचं नाही, आणि मुलगा पाठवेल तो जीपीएस लावायचा. म्हणजे तो डबा छंदातनं आलेला नाही. तो माझ्या गाडीचा जामीनदार आहे.

डबा आला तेव्हा मी वाचायला बसलो. कॉमर्सचा माणूस, आकड्यांचा हिशेब कसा लागतो ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मला वाटलं होतं ही सगळी कालपरवाची करामत. तसं नाही. आपल्या देशात जागा नेमकी मोजायचं मोठं काम विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १० एप्रिल १८०२ ला मद्रासला सुरू केलं. आधी साखळीनं एक सरळ रेघ मोजायची, मग तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीचा कोन घ्यायचा, त्रिकोण सोडवायचा, आणि त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. त्याचं थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचं, माणसांनी वाहून न्यायचं. असे त्रिकोण जोडत जोडत तो उत्तरेला सरकत राहिला आणि १८२३ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याजवळ हिंगणघाटला वारला. तिथंच त्याची कबर आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं केलं, ज्याचं नाव शिखराला मिळालं. सर्व्हेचे जे नकाशे आपण तालुक्याच्या कचेरीत बघायचो ते सगळे या त्रिकोणांच्या पायावर उभे. गंमत बघा, त्या जुन्या नकाशांच्या क्रमांकात बेळगाव येतं ४८ आय मध्ये आणि निपाणी ४७ एल मध्ये. सोळा अंश अक्षांशाची रेघ काकती आणि हत्तरगीच्या मधनं जाते, तिथं कागद संपतो. पाऊणशे किलोमीटरच्या प्रवासाला दोन नकाशे लागायचे, आणि मोठ्या मापाचे नकाशे साध्या माणसाला सहज मिळायचेही नाहीत. नकाशा धोरण सैल झालं ते २००५ मध्ये.

जीपीएसचं तत्त्व या त्रिकोणांचंच भावंड. कोनाच्या जागी अंतर मोजायचं इतकंच. अमेरिकेनं १९७८ पासून उपग्रह सोडायला सुरुवात केली, जमिनीपासून साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवर चोवीसहून जास्त उपग्रह फिरतात आणि प्रत्येक जण आपली वेळ सांगत राहतो. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर. तीन अंतरांवरून जागा कळायला पाहिजे, पण डब्यातलं घड्याळ स्वस्तातलं, ते चुकतं. म्हणून चौथा उपग्रह लागतो. मला हे पटकन समजलं. चौथा उपग्रह म्हणजे सस्पेन्स खात्यातला फरक मिटवणारी एन्ट्री. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या यंत्रात मुद्दाम चूक ठेवायची, शंभर मीटरपर्यंत. ती काढल्यावरच हे डबे गाडीला लावण्याच्या लायकीचे झाले. आपल्या इस्रोनंही २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले, नाविक नावाचे. आणि एक शेवटचं, मग गाडीकडं वळतो. एव्हरेस्टनं पृथ्वीचा जो आकार धरला होता आणि जीपीएस जो धरतं त्यात फरक आहे. त्यामुळं जुन्या सर्व्हे नकाशावरचे अंश-कला जशाच्या तशा डब्यात घातले तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त चुकतं. जमिनीच्या तंट्यात शंभर मीटर म्हणजे काय ते कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारा.

मोबाईल का नाही लावला, असं पोरं विचारतात. आमच्याकडं चार महिने पाऊस, टचस्क्रीनला ओल्या हातमोज्याचं बोट कळत नाही, जांबोटीच्या पुढं रेंज नाही, आणि येझदी थरथरते. २०२१ मध्ये ॲपल कंपनीनंच सांगितलं की मोटरसायकलच्या जोरदार थरथरीनं फोनचा कॅमेरा बिघडू शकतो. मोटरसायकलसाठी बनवलेला डबा वेगळा, नकाशे त्याच्या पोटातच असतात.

शनिवार खुटाजवळच्या एका बोळात गाड्यांचं वायरिंग करणारा आमचा मिस्त्री आहे. त्यानं डबा हातात घेतला, वजन केल्यासारखा खालीवर केला आणि म्हणाला, "अप्पा, गाडी सहा व्होल्टची. हे बारा मागतंय. लाईट लावली की तुमचा हॉर्न रडतोय, त्यात हे कुठं जोडू सांगा की." मुद्दा बरोबर होता. डब्याचा चार्जर गाडीतल्या बारा व्होल्टवरून पाच व्होल्ट करून देतो. त्याला खाली उतरवता येतं, वर चढवता येत नाही. येझदीचा डायनामो सावकाश इंजिनवर काहीच भरत नाही, बॅटरी सहाच्या खाली येते. शेवटी त्यानं सहाचे बारा करणारं छोटं सर्किट मधे बसवलं, त्याला वेगळा फ्यूज दिला, आणि हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब काढून एलईडी घातला. डबा दहा वॅटच्या आसपास खातो, तेवढी बचत बल्बात झाली. जमाखर्च जुळला. प्लगच्या टोपीतही रेझिस्टर असलेली टोपी घातली, कारण प्लगच्या ठिणगीनं विद्युत खरखर पसरते आणि उपग्रहाचा आवाज मुळातच फार बारीक. ज्यांच्याकडं अजून जुन्या विलायती गाड्या आहेत त्यांनी जोडण्याआधी कुठलं टोक सांगाड्याला आहे ते बघावं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत प्लस सांगाड्याला असतो, उलटं जोडलं की डबा गेला.

एक चूक माझी. चावी बंद असतानाही डबा चालू राहावा म्हणून मी त्याला थेट बॅटरीवर जोडायला लावलं. तो नको म्हणत होता. सकाळी बॅटरी मेलेली, आणि येझदीला ठिणगीसाठीही बॅटरीच लागते. शेजारच्या दोन पोरांनी ढकलत देवळापर्यंत नेली. दुसऱ्या दिवशी तार चावीमागं गेली.

आणि मग खानापूर. डबा बसवून महिना झाला असेल. आमच्या बँकेतला एक जुना सहकारी खानापूरला असतो, त्याच्याकडं निघालो. डब्यात खानापूर घातलं, पहिलं आलं ते दाबलं. बेळगावात शिरलो, डबा म्हणाला डावीकडं, मी डावीकडं. मग महामार्गावर, उत्तरेला. काकती आलं, कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं जन्मगाव, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खानापूर बेळगावच्या दक्षिणेला, आणि मी निपाणीकडं तोंड करून चाललो होतो. डब्यानं मला सांगली जिल्ह्यातल्या, विट्याकडच्या खानापूरला न्यायचं घेतलं होतं. चूक डब्याची नव्हती, नावं सारखीच. पण खानापूरचा रस्ता मला पाठ आहे, चाळीस वर्षं गेलोय, झोपेत गेलो असतो. तरी तो डावीकडं म्हणाला आणि मी वळलो. त्या धुक्यातल्या संध्याकाळनंतर माझा माझ्यावरचा विश्वास इतका गेला होता, हे मला काकतीला रस्त्याच्या कडेला उभं राहून कळलं. खानापूरचा मित्र वाट बघून जेवून झोपला होता, ते वेगळं.

त्या दिवसापासून मी डब्याचा आवाज बंद केला. वळणं तो सांगत नाही, मी विचारत नाही. पडद्यावर फक्त नकाशा आणि मी कुठं आहे तो बाण. चुकलो असं वाटलं तर बघतो. दीड-दोन महिन्यांतून एकदा बघावं लागतं. कधी जास्त. मुलाला ते सांगतो, लपवत नाही.

डब्यालाही सगळं दिसतं असं नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, कोल्हापूरकडची वाहतूक बंद पडली. मी घरात बसून सहज कोल्हापूर घालून बघितलं. डब्यानं सरळ त्याच रस्त्यानं नेलं आणि पोचायची वेळ मिनिटासकट सांगितली. १९८१ च्या शेतकऱ्यांनी निदान बांधावरची वाट दाखवली होती.

मग मी जुनी डायरी काढली. डब्यात स्वतःच्या जागा साठवता येतात. एकेका पानावरच्या घरापर्यंत जायचं, उभं राहायचं, जागा साठवायची. महामार्ग रुंद झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली, त्यामुळं 'चिंचेपासून डावीकडं' या वाक्यातली चिंच आता कुठंच नाही. एका गावात मारुतीचं देऊळही सरकलंय, नवीन मोठं बांधलंय. तंबाखूच्या कर्जाचं एक घर सापडलं, त्या कर्जदाराचा नातू बाहेर आला, मी बँकेतला म्हटल्यावर घाबरला. चहा देताना हसला. डायरीतल्या त्रेचाळीस जागा आजवर साठवल्या आहेत, वाटांची पानं अजून बरीच आहेत. पडद्यावर बेळगावी असंच येतं, इंग्रजीत. पण साठवलेल्या जागांना नाव देणं माझ्या हातात आहे. लिहावं मात्र रोमन अक्षरांत लागतं, देवनागरी तो घेत नाही. कानडी पण घेत नाही, हे सांगितलं पाहिजे.

गेल्या महिन्यात उघडीप होती म्हणून दिवसाउजेडी तुडयेच्या त्या फाट्यावर गेलो. इंजिन बंद केलं, चावी तेवढी चालू ठेवली. दोन्ही रस्ते नीट ओळखीचे दिसत होते. पडद्यावर राज्याच्या हद्दीची तुटक रेघ होती आणि माझा बाण जवळजवळ तिच्यावरच. जागा साठवायचं बटण दाबलं, तर नाव द्या म्हणाला. एकेक अक्षर शोधत मी लिहिलं, 'बेळगुंदी हिकडं.'